‘हॅलो’वरून ‘नमस्कार’ कळत नाही

भाषेच्या डेटावर काम सुरू करताय म्हटलं, की कुणी ना कुणी तुम्हाला जोएल स्पोल्स्की यांचा युनिकोडवरचा २००३ मधला निबंध वाचायला सांगतंच. जरूर वाचा. पण मराठी मजकुरावर संशोधन करणार असाल, तर तो जिथे थांबतो तिथून आपलं काम सुरू होतं.

आधी जमेची बाजू. एन्कोडिंग माहीत नसेल तर हातातल्या बाइट्सना अर्थ नाही, हा मुद्दा या निबंधाइतका सोपा करून फार कमी ठिकाणी सांगितलाय. ७ बिटांचं ॲस्की, १२८ पासून पुढच्या जागा ज्याने त्याने मनाला येईल तशा वापरल्याने झालेला गोंधळ, मग युनिकोड. अक्षराला क्रमांक देणं वेगळं आणि तो क्रमांक बाइट्समध्ये लिहिणं वेगळं. दुसरं काम यूटीएफ-८ करतं. एवढं पक्कं समजलं तरी वाचन सार्थकी लागलं.

अडचण उदाहरणात आहे. निबंधात ‘हॅलो’ हा शब्द रोमन लिपीत घेतलाय: ५ अक्षरं, ५ क्रमांक, यूटीएफ-८ मध्ये ५ बाइट. तिन्ही आकडे सारखे, त्यामुळे तिन्ही गोष्टी एकच वाटायला लागतात. आता ‘नमस्कार’ घ्या. वाचताना आपण ४ अक्षरं मोजतो. युनिकोडचे क्रमांक ७, कारण हलन्त आणि काना यांनाही स्वतंत्र क्रमांक आहेत. आणि देवनागरीच्या प्रत्येक क्रमांकाला ३ बाइट लागत असल्याने बाइट २१.

अक्षर कशाला म्हणायचं हा वाद लेखकाला माहीत आहे, पण युनिकोडवाल्यांनी तो सोडवलाय, तुम्ही काळजी करू नका, असं सांगून तो पुढे जातो. माझा आक्षेप नेमका इथे आहे. क्रमांक ठरले म्हणून अक्षर ठरत नाही.

याचा फटका कुठे बसतो, बघा. पायथॉनच्या ‘रेगेक्स’मध्ये शब्द शोधायचा नेहमीचा नमुना मात्रांना शब्दाचा भाग मानत नाही. ‘मराठी’चे ‘मर’ आणि ‘ठ’ असे तुकडे पडतात. सायकिट-लर्नचा काउंटव्हेक्टरायझर मूळ सेटिंगवर चालवलात, तर एकाक्षरी ‘ठ’ही गळतो आणि हाती उरतं ‘मर’. एरर येत नाही; तक्ते, आलेख सगळं व्यवस्थित तयार होतं.

दुसरं उदाहरण: ‘वऱ्हाड’ आणि ‘वर्‍हाड’. दिसायला सारखेच ना? पहिल्यात ऱ आणि हलन्त आहे, १८ बाइट. दुसऱ्यात र, हलन्त आणि न दिसणारा जोडक, २१ बाइट. एनएफसी हे प्रमाणित रूप लावलं तरी दोन्ही एक होत नाहीत. म्हणजे तुमच्या वारंवारितेच्या यादीत एकच शब्द दोनदा येणार.

तेव्हा निबंध वाचून झाला की लगेच आपल्या डेटातले दहा शब्द घ्या. अक्षरं, क्रमांक, बाइट, तिन्ही मोजा. शब्द तोडून बघा. आणि ‘लांबी’ म्हणजे यातलं नेमकं काय मोजलंत, ते प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात एका ओळीत लिहाच. परीक्षकाने विचारण्याआधी.