प्रकाशतंतूमधील विस्तृत-पट्ट तरंगलांबी परिवर्तन : संकल्पनाच्या निकषांची चिकित्सा

प्रस्तावना :
एका तरंगलांबीवरील संदेश विद्युत रूपात न आणता दुसऱ्या तरंगलांबीवर नेणे, हे पॅरामेट्रिक प्रकाशतंतू साधनांचे प्रमुख कार्य होय. या साधनांत चतुर्तरंग मिश्रणामुळे पंपाची ऊर्जा संकेताला मिळते आणि ‘आयडलर’ ही नवी तरंग निर्माण होते. स्टोलन व ब्योरखोम (१९८२) यांनी या क्रियेची सैद्धांतिक मांडणी केली. मारहिक व सहकारी (१९९६) यांनी पट्टरुंदी वाढविण्याचा मार्ग दाखविला. हान्सरिड व आंद्रेकसन (२००१) यांनी अखंड पंपाच्या साहाय्याने ४९ डेसिबेल वर्धन मिळविले. तथापि या परंपरेत वर्धक व परिवर्तक यांना बहुधा एकच मापदंड लावला जातो. तो कितपत योग्य आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पट्टरुंदीची किंमत :
पंप शून्य-अपस्करण तरंगलांबीजवळ ठेवल्यास कलाजुळणी विस्तृत पट्ट्यात टिकते. तेथे चौथ्या क्रमाचे अपस्करण मर्यादा घालते. या अवस्थेत पट्टरुंदी दुप्पट करावयाची झाल्यास अरेषीय गुणांक व पंपशक्ती यांचा गुणाकार १६ पट करावा लागतो. वर्धन तेवढेच राखावयाचे तर तंतूची लांबी त्याच प्रमाणात घटवावी लागते. आखूड तंतूत शून्य-अपस्करण तरंगलांबीचे चढउतार कमी बाधतात, हा खरा लाभ आहे. परंतु उद्दीपित ब्रिल्वाँ प्रकीर्णनाची उंबरठा-शक्तीही लांबीच्या व्यस्त प्रमाणात वाढते. म्हणजे त्याच तंतूत शक्ती जितकी वाढवावी लागते, तितकाच उंबरठा वर जातो. केवळ लांबी कमी केल्याने हे संकट टळत नाही.

मूळ उणीव :
म्हणूनच पंपाचे कला-अधिमिश्रण केले जाते. वर्धकात त्याचा संकेतावर अप्रत्यक्ष, वर्धनातील अल्प चढउतारांपुरता परिणाम होतो. परिवर्तकात मात्र आयडलर हेच उत्पादन असते आणि एकपंपी रचनेत पंपाच्या कलेतील बदल त्यात दुप्पट होऊन उतरतो. कलेत माहिती साठविणाऱ्या संदेशाला हा दोष घातक ठरतो. दोन पंपांचे परस्परविरुद्ध कला-अधिमिश्रण केल्यास तो दोष रद्द होतो. मात्र त्याबरोबर अनिष्ट मिश्रण-तरंगा व पंपांमधील रामन ऊर्जा-हस्तांतरण या नव्या अडचणी उद्भवतात.

निष्कर्ष :
वर्धकाचा आराखडा परिवर्तकास जसाच्या तसा लावणे शास्त्रीयदृष्ट्या असमर्थनीय आहे. केवळ नॅनोमीटरमधील पट्टरुंदी सांगणारा अहवाल अपुरा होय. परिवर्तन-कार्यक्षमतेची समपातळी, आयडलरची कलाशुद्धता आणि तंतूतील अपस्करणाचे चढउतार या तिन्ही बाबी सोबत दिल्या, तरच दोन संकल्पनांची तुलना अर्थपूर्ण ठरेल. परिवर्तकाचे यश पट्टा किती रुंद झाला यावर नव्हे, तर त्या पट्ट्याच्या टोकावरही संदेश अविकृत पोहोचतो की नाही, यावर ठरते.