कॉर्देल: मान मिळाला, बाजार गेला

ब्राझीलच्या ईशान्य भागात, मुख्यतः पेर्नाम्बुको, पराइबा आणि सिआरा या राज्यांत, हलक्या कागदावर छापलेल्या चिमुकल्या पद्यपुस्तिकांना कॉर्देल म्हणतात. पाने आठच्या पटीत असतात. आठ पानांत ताजी घटना, थट्टा किंवा दोन कवींची जुगलबंदी मावते. बत्तीस पानांत राजकन्या, दरोडेखोर आणि सैतान यांच्या ऐसपैस कथा. कडवे बहुधा सहा ओळींचे, यमक दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या ओळीला. या ठरीव घडणीमुळे निरक्षर श्रोत्याच्याही तोंडी कथा सहज बसे.

या धंद्याचा पाया लेआंद्रो गोमेस दे बार्रोस (1865–1918) याने घातला. स्वतः लिहायचे, छापून घ्यायचे आणि विकायचे, यावर त्याने संसार चालवला. 1921 मध्ये त्याच्या विधवेकडून जोआंव मार्तिन्स दे अताइदे याने हक्क विकत घेतले आणि पुढच्या आवृत्त्यांवरून मूळ कवीचे नावच उडाले. नावाची अशी चोरी नवी नव्हती. म्हणूनच कवी शेवटच्या कडव्यातील ओळींच्या आद्याक्षरांत आपले नाव गुंफत, आणि लबाड प्रकाशक नेमके तेच कडवे बदलत. 1949 मध्ये हे हक्क जोसे बेर्नार्दो दा सिल्वा याच्याकडे, जुआझेरो दो नोर्ते या गावी गेले. पाद्रे सीसेरो या धर्मगुरूच्या भक्तांची तिथे रीघ लागलेली असे. गिऱ्हाइकांची वाण नव्हती.

आठवडी बाजारात विक्रेता कथा गाऊन वाची आणि ऐन रंगात आली की थांबे. शेवट हवा त्याने पुस्तिका विकत घ्यावी. समीक्षक छंदाविषयी भरभरून लिहितात, पण कथेची वळणे या थांबण्यानेच घडवली, हे क्वचितच कोणी ध्यानात घेते. कडवे रेंगाळले की घोळका पांगे. याहून कठोर संपादक कोणत्या कवीला लाभला असेल?

1960 नंतर ट्रान्झिस्टर, महागलेला कागद आणि शहरांकडे लागलेली रांग यांनी हा बाजार मोडला. रिओतील साव क्रिस्तोव्हाव बाजारात स्थलांतरितांनी तो काही प्रमाणात टिकवला. अभ्यासक आणि पर्यटक मात्र याच सुमारास पुढे आले, आणि त्यांना भुरळ पडली ती मुखपृष्ठावरच्या लाकडी ठशांची. गंमत अशी की खेड्यातल्या कित्येक गिऱ्हाइकांना सिनेनटांच्या छायाचित्रांची मुखपृष्ठेच अधिक आवडत. बेझेर्रोस गावचे जे. बोर्जेस (1935–2024) हे कवीही होते, ठसेही कोरत. परंतु जगभर गाजले ते ठशांमुळे. लेखक एदुआर्दो गालेआनोच्या पुस्तकालाही त्यांचीच चित्रे लाभली. आज ठशाची एक प्रत पुस्तिकेच्या कितीतरी पट किमतीला जाते. चित्र वरचढ ठरले, कविता त्याच्या मागे पडली.

2018 मध्ये ब्राझीलने कॉर्देलला राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. शाळांत आणि आरोग्याच्या प्रचारमोहिमांतही ते शिरले. तिथले यमक चुकत नाही, पण ऐकणाऱ्याला उठून जाण्याची मुभा नसल्याने कवितेला धारही येत नाही.

जिवंतपणा आहे तो दुसरीकडे, कवयित्रींच्या लेखनात. मारिया दास नेव्हिस हिला 1938 मध्ये पुरुषी टोपणनावाने छापावे लागले होते. जुआझेरोचीच जारीद अराइस 2017 मध्ये कृष्णवर्णीय वीरांगनांच्या पंधरा कथा स्वतःच्या नावाने पुस्तकरूपात आणते. दोरीवर टांगून विकायच्या पुस्तिकेऐवजी हे जाडजूड पुस्तक झाले, ही तक्रार रास्त असली तरी आजच्या कॉर्देलमधले सर्वांत ताजे लेखन अशा कवयित्रींचेच आहे.