कंपवाताचे मज्जामंडल : एका प्रतिमानाची समीक्षा

मेंदूच्या विकारांचा विचार ‘मंडल’ या कल्पनेच्या आधारे करण्याची पद्धत गेल्या चार दशकांत मज्जाविज्ञानात रूढ झाली आहे. विद्युत्‌शास्त्रातून घेतलेल्या या कल्पनेनुसार विकाराचे स्थान एखाद्या पेशीसमूहात नसून अनेक पेशीसमूहांना जोडणाऱ्या संदेशवहनात असते. या विचाराची सर्वांत जुनी, सर्वांत फलदायी आणि म्हणूनच परीक्षेस सर्वांत योग्य अशी कसोटी म्हणजे कंपवात होय.

जेम्स पार्किन्सन याने १८१७ साली या रोगाचे वर्णन केले. मेंदूतील स्ट्रायाटम या भागात डोपामीन अत्यल्प उरते, हे एहरिंगर व हॉर्निकिएविच यांनी १९६० मध्ये दाखविले. परंतु एका रसायनाच्या अभावाने हालचाल मंद का व्हावी, या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नव्हते. ते उत्तर अल्बिन, यंग व पेनी यांनी १९८९ मध्ये आणि डीलाँग याने १९९० मध्ये मांडलेल्या प्रतिमानाने देऊ केले. त्यानुसार स्ट्रायाटमपासून दोन मार्ग निघतात. प्रत्यक्ष मार्ग ग्लोबस पॅलिडसच्या आंतरभागास आवर घालून हालचालीस वाट करून देतो. अप्रत्यक्ष मार्ग सबथॅलॅमिक केंद्रकामार्फत त्याच आंतरभागास चेतवून हालचाल रोखतो. डोपामीन पहिल्यास बळ देते व दुसऱ्यास क्षीण करते. ते नाहीसे झाले म्हणजे आंतरभागाचे कार्य वाढते, थॅलॅमस दडपला जातो आणि मनुष्याची हालचाल मंदावते.

या प्रतिमानाचे श्रेय निर्विवाद आहे. एमपीटीपी या विषाने कंपवातसदृश अवस्था निर्माण केलेल्या माकडांत सबथॅलॅमिक केंद्रक नष्ट केल्यास हालचाल सुधारते, असे बर्गमन, विचमन व डीलाँग यांनी १९९० मध्ये सिद्ध केले. बेनाबिद व त्यांचे ग्रनोब्ल येथील सहकारी १९८७ पासून थॅलॅमसचे विद्युत्-उत्तेजन करीत होते. पुढे त्यांनी याच केंद्रकाकडे लक्ष वळविले आणि हजारो रुग्णांना उपकारक ठरलेली शस्त्रक्रिया उदयास आली. २०१० साली क्राविट्झ व सहकाऱ्यांनी प्रकाशाने पेशी चेतविण्याच्या तंत्राचा उपयोग करून उंदरांत अप्रत्यक्ष मार्ग जागृत केला, तेव्हा कंपवातासारखी मंदता आली. डोपामीन घटविलेल्या उंदरांत प्रत्यक्ष मार्ग जागृत करताच ती ओसरली. कोणत्याही प्रतिमानाने याहून अधिक काय करून दाखवावे?

आणि तरीही ते जसेच्या तसे टिकत नाही. प्रतिमान खरे मानले तर पॅलिडसचा आंतरभाग छेदल्यावर लेव्होडोपामुळे उद्भवणाऱ्या अनैच्छिक हालचाली वाढावयास हव्यात. प्रत्यक्षात त्या बहुतांशी थांबतात. थॅलॅमस छेदल्यावर मंदता यावयास हवी; ती येत नाही. मार्सडेन व ओबेसो यांनी १९९४ मध्ये ही विसंगती स्पष्टपणे पुढे ठेवली. उत्तेजन म्हणजे केंद्रकास निष्क्रिय करणे, ही समजूतही डळमळीत झाली. हाशिमोतो व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये माकडांत असे पाहिले की, सबथॅलॅमिक केंद्रक उत्तेजित केले असता पॅलिडसच्या आंतरभागातील स्पंदांचे प्रमाण वाढते. प्रतिमानानुसार याने रोग बळावला पाहिजे, परंतु लक्षणे कमी झाली. शेवटी, कुई व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखविले की, हालचालीच्या प्रारंभी दोन्ही मार्ग एकाच वेळी सक्रिय असतात. एक मार्ग गतीचा व दुसरा विरोधाचा, ही विभागणी त्यामुळे फार ढोबळ ठरते.

या आक्षेपांतून स्पंदांच्या संख्येऐवजी त्यांच्या लयीकडे पाहणारा विचार पुढे आला. कंपवाताच्या रुग्णांत सबथॅलॅमिक केंद्रकात सेकंदास सुमारे १३ ते ३० आवर्तनांची लय प्रबळ असते आणि लेव्होडोपाने ती मंदावते. लयीचा वेध घेऊन उत्तेजन कमीजास्त करणाऱ्या उपकरणास २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ही प्रगती मोलाची आहे. परंतु ही लय मंदतेशी व ताठरपणाशी जितकी निगडित आहे तितकी कंपाशी नाही. रोगाच्या नावातच असलेले लक्षण या नव्या सिद्धांतातही पुरते सामावत नाही. शिवाय लय हे कारण की केवळ चिन्ह, हा वादही मिटलेला नाही.

मंडल-कल्पनेची याहून गंभीर मर्यादा तिच्या परिघाबाहेर आहे. कंपवातात अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाचे साठे पेशींत जमतात आणि पेशी मरत जातात. उत्तेजनाने हा ऱ्हास थांबतो, असे सिद्ध झालेले नाही. स्मृती व विचारशक्ती यांची हानी त्याने भरून येत नाही. वाणी तर कधीकधी अधिकच बिघडते. अशा स्थितीत ‘मंडल दुरुस्त झाले’ ही भाषा रुग्णाच्या व कुटुंबीयांच्या मनात ‘रोग बरा झाला’ असा अर्थ घेऊन उतरते. तंत्रज्ञांचे रूपक तेथे आश्वासन बनते.

हेच रूपक मनोविकारांकडे नेले असता काय घडते, याचा दाखला बोधप्रद आहे. मेबर्ग व सहकाऱ्यांनी २००५ साली औषधांना दाद न देणाऱ्या विषादाच्या सहा रुग्णांत मेंदूच्या सिंग्युलेट भागाचे उत्तेजन केले व चौघांत लक्षणीय सुधारणा नोंदविली. परंतु ९० रुग्णांच्या नियंत्रित चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले, सहा महिन्यांच्या अखेरीस खऱ्या व लटक्या उत्तेजनात निर्णायक फरक आढळला नाही. पुढील दीर्घ निरीक्षणात काही रुग्णांना टिकाऊ लाभ झाला, हे मान्य केले पाहिजे. पण लटक्या उत्तेजनाशी तुलना नसल्याने त्या निरीक्षणास नियंत्रित चाचणीचे बळ येत नाही. कंपवाताच्या मंडलामागे छेदनाचे, प्राणि-प्रयोगांचे आणि एकेका पेशीच्या नोंदींचे कित्येक वर्षांचे पाठबळ होते. विषादाच्या मंडलामागे मुख्यतः मेंदूची चित्रे होती. शब्द एकच असला तरी त्यामागील पुराव्याचे वजन एक नव्हते.

तेव्हा मंडल-कल्पना त्याज्य ठरते काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. स्वतःचे खंडन करता येईल इतकी स्पष्ट भाकिते तिने कंपवाताच्या क्षेत्रात केली, आणि ती जेथे चुकली तेथेच संशोधन पुढे सरकले. चुकीची असूनही ती फलद्रूप झाली ती या स्पष्टतेमुळे. यापुढे ज्या विकारास मंडलाचा विकार म्हटले जाईल, त्याबाबत कोणते निरीक्षण आढळल्यास हे म्हणणे मागे घेतले जाईल, असा प्रश्न अभ्यासकाने प्रथम विचारावा. ज्या प्रतिमानास याचे उत्तर देता येत नाही, त्याच्या आधारे कोणाच्या मस्तकात तार घालण्याचा अधिकार विज्ञानास प्राप्त होत नाही.