कापूथचं घर : छपराचा वाद

कापूथच्या आइनस्टाइन यांच्या उन्हाळी घराला ‘आधुनिक वास्तुकलेचा नमुना’ म्हणण्याची रीत आहे. आम्हांला ती पटत नाही. का, ते सांगतो.

१९२९ साली आइनस्टाइन पन्नास वर्षांचे झाले. बर्लिन शहरानं त्यांना घर भेट द्यायचं ठरवलं आणि त्यात इतका घोळ घातला, की शेवटी त्यांनी भेट नाकारली. पॉट्सडॅमजवळ कापूथला, तळ्याकडे उतरत जाणाऱ्या जमिनीवर, पदरच्या पैशानं घर बांधलं. वास्तुकार कोनराड वाक्समान, अवघा अठ्ठावीस वर्षांचा, लाकडी घरं बनवणाऱ्या कारखान्यातला. त्याला हवं सपाट छप्पर. मालकांना हवं लाकडी घर, कौलारू छप्पर, उंच फ्रेंच खिडक्या. झाली तडजोड. मुख्य घरावर बेताच्या उताराची कौलं, बाजूच्या भागावर सपाट गच्ची. दोन्हींचं एकमेकांशी फारसं जमत नाही, हे मान्य करायला हवं.

पण मग ‘आधुनिक’ काय? ते या घराच्या घडणीत आहे. लाकूडकाम कारखान्यात तयार करून जागेवर जोडायचं, हा विचार नवा. वाक्समाननं पुढं अमेरिकेत ग्रोपियसबरोबर तोच वाढवला. चेहरा मात्र खेड्यातल्या घराचा. आम्ही याला उणेपणा मानत नाही.

१४ जुलै १९३० रोजी रवींद्रनाथ याच घरी आले. सत्य माणसावाचून असू शकतं का, यावर बोलणं झालं. आइनस्टाइन म्हणाले, असतं. रवींद्रनाथांना ते मान्य नव्हतं. आता गंमत पाहा, छपराच्या बाबतीत आइनस्टाइन रवींद्रनाथांच्याच पक्षात होते! राहणाऱ्या माणसाला सोडून घराचं कसलं ‘शुद्ध रूप’? तिथं एकांगी वाक्समानच होता, बरं का.

आमची खरी तक्रार वेगळीच आहे. घराचं कौतुक बहुधा १९३२च्या डिसेंबरात, आइनस्टाइन निघून गेले तिथं थांबतं. नंतर शेजारच्या ज्यू मुलांच्या निवासी शाळेनं हे घर वापरलं. १९३५मध्ये सरकारनं ते जप्त केलं. १९३८च्या नोव्हेंबरात शाळाही उद्ध्वस्त झाली. १९७९मध्ये, जन्मशताब्दीला, घराची डागडुजी झाली. ज्या खिडक्यांची आपण इतकी वाखाणणी करतो, त्यांच्या आत ही मुलंही बसली होती. मग वास्तूच्या समीक्षेत त्यांना जागा का नको?