‘इच्छास्वातंत्र्य’ : एका संज्ञेची चिकित्सा

‘इच्छास्वातंत्र्य’ ही संज्ञा दिसते तितकी निर्दोष नाही. स्वातंत्र्य हा धर्म इच्छेचा की कर्त्याचा, हा वादाचा प्रश्न तो समास परस्पर निकालात काढतो. लॉकने १६९० मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला : इच्छा ही एक शक्ती, स्वातंत्र्य ही दुसरी, एका शक्तीला दुसरीचे विशेषण लावणे निरर्थक होय. स्वतंत्र असतो तो माणूस. टिळकांनी ‘गीतारहस्या’च्या (१९१५) दहाव्या प्रकरणाच्या शीर्षकात योजिलेला ‘आत्मस्वातंत्र्य’ हा शब्द निदान या दोषापासून मुक्त आहे.

पाणिनीने कर्त्याला स्वतंत्र म्हटले, म्हणून हा सिद्धान्त आपल्याकडे प्राचीनच होता, असे मानण्याचा मोह मात्र आवरावयास हवा. वैयाकरणांच्या मते ‘भांडे शिजवते’ येथे भांडेही कर्ता ठरते. ते स्वातंत्र्य वक्त्याच्या विवक्षेचे आहे. भांड्यावर जबाबदारी कोणी लादीत नाही.

जबाबदारीचा माग लागतो तो क्रियापदाच्या घडणीत. ‘त्याने पेला फोडला’, ‘त्याच्या हातून पेला फुटला’, ‘त्याला पेला फोडावा लागला’ : पेला तिन्ही ठिकाणी फुटलाच, पण पहिल्यात कृती, दुसऱ्यात अनवधान, तिसऱ्यात सक्ती. (न्यायालयात आणि स्वयंपाकघरात ही रूपे सारख्याच दक्षतेने निवडली जातात.) येथवर लॉकचे म्हणणे टिकते. ‘त्याच्याने राहवले नाही’ हे चौथे रूप मात्र अवघड आहे. येथे बाहेरून कोणी अडविलेले नाही. माणसाला बांधले आहे ते त्याच्याच इच्छेने. मग इच्छेला स्वतंत्र वा परतंत्र म्हणणे निरर्थक कसे, याचे उत्तर लॉकच्या अनुयायांनी द्यावयास हवे.