बाल्बोआ पार्कच्या तळघरातला घाट

सॅन डिएगोच्या मराठी मंडळींना बाल्बोआ पार्क नव्याने सांगायला नको. भारतातून आई-बाबा आले की आधी प्राणिसंग्रहालय, मग कासा दे बाल्बोआच्या तळघरातलं मॉडेल रेलरोड म्युझियम, हा क्रम घरोघरी ठरलेला. १९७८मध्ये जुन्या इमारतीला लागलेली आग, त्या जागी उभी राहिलेली नवी इमारत, १९८२मध्ये उघडलेलं म्युझियम, हे सगळं मंडळात पाठ आहे. ज्यांच्या हातांवर ते चालतं, त्या माणसांशी मात्र फारसं कुणी बोललेलं नसतं.

तिथली सगळ्यात देखणी मांडणी ला मेसा मॉडेल रेलरोड क्लबची. बेकर्सफील्ड ते मोहावी हा टेहाचापी घाट, १९५०च्या दशकातला, एचओ म्हणजे १:८७ मापात. बोरघाट चढण्याआधी कर्जतला मागून बँकर, म्हणजे ढकलणारं इंजिन, लागल्याचा धक्का ज्यांच्या अंगात मुरलाय, त्यांना इथे ओळख सांगावी लागत नाही. बोरघाटात चढ १:३७ आणि १९२९पर्यंत गाडीची दिशा उलटवणारं रिव्हर्सिंग स्टेशन. टेहाचापीत चढ सुमारे १:५०, आणि त्यावर उतारा म्हणून १८७६ साली पुरा झालेला लूप. टेकडीभोवती वळसा घेत रूळ ७७ फूट चढतात; लांब मालगाडीचं शेपूट बोगद्यातून जात असतं, तेव्हा तिचं तोंड वरून पलीकडे निघालेलं असतं. खऱ्या घाटात हा डोंगर प्रामुख्याने चिनी मजुरांनी फोडला. मंडळाच्या मुलांना हे सांगायलाच हवं.

क्लबाचं खरं कसब पाहायचं तर वेळापत्रक आणि लेखी हुकुमांवर गाड्या चालवण्याच्या सत्रात. डिस्पॅचर हुकूम देतो, स्टेशनवरचा ऑपरेटर तो कागदावर उतरवतो, गाडीवाले तो वाचूनच पुढे हलतात. अशा सत्रात एक मालगाडी चढत होती. पुढे कॅब-फॉरवर्ड इंजिन, म्हणजे चालकाची केबिनच पुढे, बोगद्यातला धूर मागे राहावा म्हणून. मध्ये जोड इंजिन. लूपवरच्या वॉलाँग साइडिंगला ती थांबली आणि लाल-केशरी सॅन होआकिन डेलाइट ही प्रवासी गाडी सुळकन निघून गेली. एवढंच! तरी रेल्वेतून निवृत्त झालेले एक आजोबा कठड्यापाशी हात जोडून उभे राहिले होते.

रूळ हाताने टाकणारे, झाडं हाताने करणारे तिथले बुजुर्ग स्वयंसेवक म्हणजे या शहराचे विश्वकर्मा. अतिशयोक्ती वाटली तर वाटू दे.

काळजीही आहे. म्युझियम म्हटलं की प्रेक्षक सांभाळावा लागतो: टॉय ट्रेनचं दालन लागतं, गाड्या गोल फिरत्या ठेवाव्या लागतात. तयार इंजिन विकत घेऊन हौस भागते, रूळ ठोकायला कुणाला वेळ असतो? पोरं येतात, बटण दाबतात, फोनवर व्हिडिओ काढतात, निघतात. पुण्यात भाऊ जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय १९९८पासून उभं आहे. तिथेही मुलं टाळ्या वाजवतात. पण टाळ्या वाजवणारं पोर पुढे सोल्डरिंग शिकतंच असं नाही. आपल्या मंडळाच्या नाट्यशाखेची गत वेगळी थोडीच आहे!

मंडळाच्या तरुण पालकांनी एवढं करावं: पुढच्या वेळी मुलांना घेऊन जाल, तेव्हा काचेपाशी फोटो काढून परतू नका. आत काम करणाऱ्या आजोबांना हाक मारा आणि मुलाला विचारू द्या, रूळ कसा वळवतात.