बुलव्हिप इफेक्ट: सगळे साईट करतात तो पेपर नेमका काय सिद्ध करतो?

सप्लाय चेनवर रिसर्च प्रपोजल लिहायला घेतलं की पहिल्याच पानावर एक वाक्य हमखास येतं: ग्राहकाच्या मागणीतले चढउतार दुकानदाराकडून कारखान्याकडे जाताना वाढत जातात, हे सर्वज्ञात आहे. पुढे कंसात ली, पद्मनाभन आणि व्हांग, १९९७. झालं, पुढचा परिच्छेद!

आज आपण याच पेपरकडे टीकाकाराच्या नजरेने बघूया. पेपर मोठाच आहे. ‘मॅनेजमेंट सायन्स’ या जर्नलने पन्नास वर्षं पूर्ण झाल्यावर आपले सर्वांत प्रभावी दहा लेख निवडले, त्यात तो होता. पण तो काय सिद्ध करतो आणि काय नाही, हे न बघता त्यावर आपला प्रश्न उभा केला, तर दोन-तीन वर्षं चुकीच्या प्रश्नावर जाऊ शकतात.

आधी गोष्ट समजून घ्या

पेपरमधलं गाजलेलं उदाहरण प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या डायपरचं. बाळं डायपर साधारण एकाच वेगाने वापरतात. दुकानातली विक्री थोडीफार हलायची, पण वितरकांच्या ऑर्डरी त्याहून जास्त हलायच्या, आणि कंपनीने कच्च्या मालासाठी दिलेल्या ऑर्डरी आणखी जास्त. मनगट थोडं हललं तरी चाबकाचं टोक जोरात उसळतं, म्हणून नाव बुलव्हिप.

हे कसं होतं ते वहीवर करून बघा. एक दुकानदार दर आठवड्याला १०० नग विकतो आणि तीन आठवड्यांचा माल, म्हणजे ३०० नग, हाताशी आणि वाटेत मिळून ठेवतो. पुढचा अंदाज म्हणून तो गेल्या आठवड्याची विक्रीच धरतो. एका आठवड्यात ११० विकले गेले. आता त्याला ३३० हवेत. म्हणून तो विकलेले ११० आणि वरचे ३०, अशी १४० ची ऑर्डर देतो. पुढच्या आठवड्यात विक्री परत १००. लक्ष्य पुन्हा ३००, म्हणून ऑर्डर फक्त ७०. म्हणजे ग्राहक १००, ११०, १०० असा हलला आणि ऑर्डरी १००, १४०, ७० अशा. घाऊक व्यापाऱ्यानेही हाच नियम वापरला तर त्याची ऑर्डर आधी २६० वर जाते आणि मग गणित उणे येतं, म्हणजे त्या आठवड्यात ऑर्डरच नाही. कारखान्याला वाटतं, बाजार बसला! प्रत्यक्षात ग्राहकाने फक्त दहा नग जास्त घेतले होते.

पेपरची खरी ताकद

वरच्या गणितात कोणी घाबरलं नाही, कोणी मूर्खपणा केला नाही. इथेच हा पेपर आधीच्या कामापेक्षा वेगळा ठरतो. एमआयटीच्या जे फॉरेस्टर यांनी हा विषय १९६१ च्या ‘इंडस्ट्रियल डायनॅमिक्स’मध्ये मांडला होता. जॉन स्टरमन यांनी १९८९ मध्ये ‘बीअर गेम’ खेळवून दाखवलं, की वाटेत असलेला माल माणसं हिशेबात नीट धरत नाहीत. म्हणजे दोष माणसाच्या निर्णयात.

ली आणि सहकारी म्हणाले, माणूस पूर्ण तर्कशुद्ध धरा, तरी चढउतार वाढतील. त्यांनी चार कारणं वेगवेगळी काढून दाखवली: अंदाज सतत बदलणं, ऑर्डरी साठवून एकदम देणं, सवलतीच्या काळात भरून घेणं आणि टंचाईत गरजेपेक्षा जास्त मागणं. कारणं वेगळी, म्हणून उपायही वेगळे. टंचाईत ऑर्डरीच्या प्रमाणात माल वाटला तर सगळे आकडा फुगवतात, मागच्या विक्रीच्या प्रमाणात वाटला तर फुगवण्यात फायदा उरत नाही. असा नेमकेपणा मॅनेजमेंटच्या लेखनात कमी दिसतो.

आता कच्चे दुवे

पहिला दुवा पुराव्याचा. मॉडेल सांगतं की असं होऊ शकतं. किती उद्योगांत होतं, किती प्रमाणात होतं, हे मोजलेलं नाही. डायपर आणि एचपीचे प्रिंटर ही उदाहरणं आहेत, सर्वेक्षण नव्हे. दहा वर्षांनी, २००७ मध्ये, कॅशॉन, रँडल आणि श्मिट यांनी अमेरिकेची उद्योगवार मासिक आकडेवारी तपासली. घाऊक व्यापारात परिणाम दिसला, पण किरकोळ व्यापारात साधारणपणे नाही आणि बहुतेक उत्पादन उद्योगांतही नाही. कारण सणासुदीची, हंगामी मागणी आधीच माहीत असते, आणि कारखाने आधीपासून माल बनवून ती सपाट करतात.

मग १९९७ चा पेपर खोटा ठरला का? थांबा, इथे दुसरा दुवा आहे: मोजायचं काय? मूळ व्याख्या ऑर्डरींच्या व्हेरियन्सबद्दल आहे. २००७ च्या अभ्यासात विक्री आणि साठ्यातला बदल यांवरून प्रत्यक्ष मालाचा प्रवाह काढलेला आहे. ऑर्डर म्हणजे माहिती, प्रवाह म्हणजे माल. दोन्ही एकसारखे हलतीलच असं नाही. शिवाय शेकडो कंपन्यांची महिन्याची बेरीज केली की एकाची उसळी दुसऱ्याच्या घसरणीत बुडते. ब्रे आणि मेंडेलसन यांनी २०१२ मध्ये एकेका कंपनीच्या पातळीवर बघितलं, तेव्हा साधारण दोन-तृतीयांश कंपन्यांत परिणाम सापडला.

तिसरा दुवा माणसाचा. क्रोसन आणि डोनोह्यू यांनी २००६ मध्ये खेळाडूंना मागणीचं वितरण आधीच सांगून टाकलं, म्हणजे अंदाज बदलायचं कारणच उरलं नाही. तरी चढउतार वाढलेच. तर्कशुद्ध माणूस धरून केलेलं मॉडेल हे समजावू शकत नाही. म्हणजे स्टरमन यांचा मुद्दा रद्द झालेला नाही, दोन्ही कारणं एकत्र चालतात.

तुमच्या प्रपोजलसाठी

हे सगळं वादासाठी वाद म्हणून सांगत नाहीये. समजा तुम्ही विक्रीची माहिती साखळीत सगळ्यांना द्या असा उपाय सुचवणार आहात. तुमच्या उद्योगात खरं कारण सवलतीची खरेदी असेल, तर कितीही डॅशबोर्ड लावा, महिनाअखेरीस ऑर्डरी उसळणारच. आणि तो खर्च बहुतेक वेळा साखळीतल्या छोट्या पुरवठादाराच्या अंगावर पडतो. त्याला आज ओव्हरटाइम द्यायचा आणि पुढच्या आठवड्यात मशीन बंद ठेवायची, असं करावं लागतं.

म्हणून ‘सर्वज्ञात आहे’ लिहिण्याआधी तीन गोष्टी तपासा. तुमच्याकडचा डेटा ऑर्डरींचा आहे की आलेल्या मालाचा? आठवड्याचा आहे की महिन्याचा, एका वस्तूचा की सगळ्यांची बेरीज? आणि चार कारणांपैकी तुमच्या साखळीत कोणतं लागू पडतं, हे तुम्ही दाखवू शकता का?

तिसऱ्याचं उत्तर नाही असं आलं, तर निराश होऊ नका. ते शोधणं हाच थिसिसचा पहिला प्रश्न होऊ शकतो.